ठमी बसते ती बाजू

बसा पावणं. त्या खुर्चीत नगा, तिचा एक पाय लंगडा हाय. हितं बाकड्यावर बसा. पिस्तूल खिशातच असू द्या, मला आत्ता दावायची गरज न्हाई. लहान हाय, दिसाया नको, टोचाया नको, दिसभर अंगावर ऱ्हायला पायजे. कळलं मला. कातड्याचं कव्हर करून देतो. पर माझ्याकडं त्याआधी एक गोष्ट ऐकावी लागती. न ऐकता आजवर कुणाला करून दिलं न्हाई, आमदाराच्या माणसाला बी न्हाई. आत च्या टाकलाय, हौसा आणंल. तवर ऐका.

दुपारची येळ. तवा दुकान येष्टी स्टँडच्या भिंतीला टेकून होतं माझं. मी बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्याला घुंगरं लावत बसलेलो. दारात जीप येऊन थांबली ती अशी की घुंगरं आपसूक वाजली. वर बघितलं तर मालनकाकी काटकर. डोक्यावर पदर, पायात पुरुषी वहाणा, आन डाव्या कडेवर नात. ठमी. दोन-अडीच वर्साची आसंल, गाल असं की हाताला धरवत न्हाईत.

काटकरांची खडीची खाण होती डोंगराच्या पल्याड. काकीचं मालक, आबा काटकर, अचानक गेलं. लोकं म्हणली, बाई आता खाण इकून टाकंल. बाई जीप शिकली. आमच्या तालुक्यात जीप चालवणारी पयली बाई ती. साडी नेसून, पदर न ढळू देता, घाट उतरायची. वळणावर हॉर्न असा दाबायची की म्हसरं शेतात पळायची.

दुकानात येऊन काकीनं घोड्याचं जीन उचललं, उलटंपालटं करून बघितलं आन खाली ठेवलं.

"रंगा, बैलाचं सामान करतोस, घोड्याचं करतोस. बाईचं करशील का?"

मी म्हणलं, "का काकी, कुठल्या बाईला लगाम घालायचाय?"

"त्ये घालायचं असतं तर हौसाला इचारलं असतं. तुला कसा घातलाय त्ये बघतीच की मी."

आतनं हौसा फिसकन हसली. माझी बायकू. दुकानाच्या मागंच खोली होती आमची.

मग काकी खाली बसल्या आन आवाज बारीक केला. म्हणल्या, "आबाचं पिस्तूल हाय. लायसन माझ्या नावावर करून घेतलं. खाणीच्या वाटंवर दोन बारीला जीप अडवली माझी. दुसऱ्या बारीला समोरची काच फोडली. खाण सोड म्हणत्यात."

"कोण म्हणत्यात?"

"फडकी बांधल्याली तोंडं काय वळकू यायची? कोण का असंनात. मी काय सोडत न्हाई. पर ह्ये पिस्तूल मी पर्समधी ठेवत होते."

"मग?"

काकीनं ठमीकडं बघितलं. ठमी माझी घुंगरं ओढत होती.

"हिला दाढा येतायत. दिसंल त्ये तोंडात घालती. परवा मी देवापुढं बसलेली. नूतन न्हाऊन बाहेर आली तर ही उंबऱ्यावर बसून पिस्तुलाची नळी चोखतीया."

मी हातातली आरी खाली ठेवली.

"गोळ्या त्यात न्हवत्या," काकी म्हणल्या. "गोळ्या मी येगळ्या ठेवते. नूतनला सांगितलं तसं. तिनं ऐकलं न्हाई. बरोबर हाय तिचं."

नूतन म्हणजी काकीची सून. काकीचा ल्योक मिलट्रीत, लांब बर्फात कुठंतरी. सून शिकलेली, सांगलीची, शांत. ओरडणारी सून असती तर काकी तिला पुरून उरल्या असत्या. ही ओरडली न्हाई. पोरीचं तोंड धुतलं, तिला दूध पाजलं, आन सांगलीला भावाला फोन केला. काकीला म्हणली, आई, मी भांडत नाही. पण त्या वस्तूला ठमीचा हात लागणार नाही अशी जागा शोधा. नाही मिळाली तर या महिन्याच्या शेवटच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दादा न्यायला येतोय. हे सुट्टीवर येईपर्यंत आम्ही तिकडंच राहू.

"सुट्टी कधी हाय?"

"बर्फाला इचार." काकीनं पदर सारखा केला. "रंगा, खाण सोडली तर त्या फडकंवाल्यांचं फावलं. पिस्तूल न घेता गेले तर एक दिस माझं मढं घाटात गावंल. आन घेऊन गेले तर ही जाती. घरात हिचा आवाज नसला तर मी खाण चालवून करू काय? कमरंला बसंल असं कायतरी कर. दिसाया नको. पोरीला उघडाया येऊ नये. आन दिसभर जीपमधी बसून टोचाया नको."

मी म्हणलं, "हुईल की. त्यात काय!"

असं म्हणायची खोड हाय मला.

माप घ्यायची पयली अडचण. मी बैलाला मिठी मारून माप घेतो, पर काकीच्या कमरंला हात कोण लावणार? हौसानं पडदा ओढला आन आत सुतळीनं माप घेतलं. आतनं नुसतं ऐकू यायचं. "काकी, श्वास सोडा." "सोडलाय की गं." "मग ह्ये काय हाय?" "त्ये तसंच असतंय."

पिस्तूल काय काकीनं माझ्याकडं ठेवलं न्हाई, ठेवणार बी कसं? मी कागदावर गिरवून घेतलं. सुताराकडनं लाकडाचं तसंच करून आणलं, आतनं पोखरून शिसं वतलं, वजनाला सारखं व्हावं म्हणून. तळहातात मावंल एवढं. त्यावर ओलं कातडं बसवायचं, वाळू द्यायचं, म्हणजी आकार धरतं. म्हशीचं चांगलं जाड कातडं घेतलं मी. वर झाकण, झाकणाला पितळी बटण, ह्ये असं घट्ट की मोठ्या माणसाच्या अंगठ्यालाच निघावं.

आन म्हणलं, हौसा, तू घालून बघ.

"मी?"

"मग काय मी साडी नेसू?"

"नेसा की. एक दिस चुलीपुढं बी बसा."

पर घातलं तिनं. साडीच्या आत, परकराच्या नाडीवरनं पट्टा, डाव्या अंगाला, पदराखाली. खोलीतनं दुकानात आली. मी कान टवकारलं. करकर, करकर, करकर.

"अवं, ह्ये बोलतंय," हौसा म्हणली.

मी छाती फुगवून म्हणलं, "बोलणारच. नवं हाय. आपल्या वहाणा न्हाई बोलत?"

तुम्हाला ठाव असंल, पावणं. आमच्याकडं नवी वहाण करकरली न्हाई तर गिऱ्हाईक परत आणून देतं. वहाण वाजली पायजे, चार लोकांनी मान वळवून बघितलं पायजे, तवा ती वहाण. बापानं शिकवलं, हाताला सवय लागली. ह्याच्यात बी मी कातड्याचे दोन थर तसंच बसवलेलं, वाजंल असं.

हौसा कमरंवर हात ठेवून हुभी ऱ्हायली. "वहाण वाजली तर लोक म्हणत्यात काय झकास वहाण. ह्ये वाजल्यावर काय म्हणतील? काय झकास पिस्तूल?"

मी पुना बसलो. थर काढला, एक पदरी केलं, आतनं शेळीच्या कातड्याचं मऊ अस्तर लावलं, चार दिस एरंडेल चोळलं. तवा कुठं त्याचं तोंड बंद झालं.

मग हौसानं त्ये अंगावर घेऊन संसार केला. खरंच संसार. झाडलं त्यावर, धुणं धुतलं, भाकरी थापल्या. आधी पाठीवर लावून बघितलं, तर भाकरीला ठीक, पर येष्टीत बसून तिच्या भणीकडं गेली आन परत आली ती वाकडी होऊनच. पोटावर लावलं, तर वाकलं की बरगडीत. काखंत लावलं, तर म्हणली, गळवं झाल्यागत हात लांब धरून चालावं लागतंय. शेवटाला डावी बाजू, जरा मागं सरकवून, पदराखाली. तिथं बसलं. म्हणली, आता कळत न्हाई हाय का न्हाई.

कळत न्हाई म्हणली खरं, पर बाई बदलली हो. लाकडाचं हाय, ठाव हाय तिला, तरी बी. नळावर एक शेजारीण रोज रांग मोडायची. हौसा तिला म्हणली, "मागं व्हा." नुसतं मागं व्हा. आन ती झाली. मी रात्री म्हणलं आमटीला मीठ कमी हाय, तर काय बोलली न्हाई. कमरंवर हात ठेवला आन माझ्याकडं बघितलं.

"बरं हाय मीठ," म्हणलं मी.

झालं. त्या बाजाराच्या आधी तीन-चार दिस असतील, आम्ही दोघं काटकरांच्या घरी गेलो. काकी आत जाऊन घालून आल्या. सोप्यात चालून बघितलं, झोपाळ्यावर बसल्या, पाटावर बसल्या, उठल्या. पदर काढून परत घेतला. मी चारी बाजूनं बघितलं. कुठं काय दिसंना.

"रंगा," काकी म्हणल्या, "अरं, अंगाला कळंना की गड्या! माझी चोळी टोचती ह्याच्यापरीस."

मी हौसाकडं बघितलं, हौसानं माझ्याकडं. नूतन सैपाकघराच्या दारात हुभी होती, हाताला पीठ. तिचं बी तोंड जरा सैल झालेलं.

आन आतनं ठमी पळत आली. दोन हात वर. "आज्जी, घे."

काकी वाकल्या, उचललं, आन कडेवर टाकलं. डाव्या.

ठमीचा गुडघा बरोबर तिथं टेकला. तिनं खाली बघितलं. मांडी हलवून बघितली. मग हातानं टकटक केलं, दार वाजवावं तसं.

"आज्जी, हितं काय हाय?"

 झोपाळ्याची कडी तेवढी वाजत होती.

नूतन हळू म्हणली, "रंगादादा, ही ठमी बसते ती बाजू आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. सगळ्या जगाच्या बाया पोर डाव्या कडंला घेत्यात, उजवा हात कामाला मोकळा पायजे म्हणून. आन साडीचा पदर बी डाव्याच खांद्यावर. म्हणजी जिथं लपतंय तिथंच पोर बसतंय.

काकी म्हणल्या, "थांब, तिला ह्या बाजूला घेते." उजव्या कडेवर घेतली. ठमीनं अंग ताठ केलं, फळीसारखं, आन असा भोंगा लावला की शेजारची म्हातारी डोकावली. दुसरी बाजू तिला ठावच न्हवती. काकीला बी न्हवती, खांदा अवघडला.

"मग पिस्तूल उजवीकडं कर," काकी म्हणल्या.

ते बी बघितलं. उजवीकडं साडी कमरंला चिकटून असती, वर उघडी कंबर. पदराचं टोक पुढं ओढून घेतलं तर झाकतं, पर जीपमधी वारं लागलं की त्ये निशाणागत फडफडणार. दाराला पाटी लावल्यागत झालं असतं.

नूतननं हात धुतलं आन आत गेली. थोड्या येळानं लोखंडी ट्रंक वढल्याचा आवाज आला. काकी झोपाळ्यावर बसल्या. मघापासनं ताठ होती ती बाई एकदम म्हातारी दिसाय लागली. ठमी मांडीवर चढली आन काकीच्या गळ्यातली पोत तोंडात घालून बसली.

वाटंनं हौसा माझ्यावर उखडली. "मी एवढं दिस हिंडले, भाकऱ्या थापल्या, येष्टीत बसले. पर माझ्या कडेवर कोण होतं? आपली पोरं मोठी झाली आन मी इसरले. तुमचं तर सोडाच."

"माझं का सोडाच?"

"तुम्ही कधी घेतलं होतं कडेवर?"

मी भराभरा पुढं चालाय लागलो.

दुसऱ्या दिवशी काकीनं निरोप धाडला, खाणीवर या, मी जीप कशी चालवते, कशी चढते-उतरते त्ये एकदा बघा, कायतरी सुचंल. हार मानणारी बाई न्हवं ती. आम्ही गेलो. क्रशर चालू होता, पांढरी धूळ अशी की माणूस पिठात पडल्यागत. हौसानं लाकडाचं पिस्तूल उजवीकडं बांधलेलं, जीपमधी बसून-उठून बघत होती. पदर उडत होता, कव्हर दिसत होतं. मी मान हलवत होतो.

खडी भरणाऱ्या बाया होत्या तिथं. त्यात सगुणा म्हणून एक, लई तोंडाळ. हौसा खोकाय लागली तशी सगुणानं झाडाला टांगलेला शर्ट आणून दिला.

"घाला वैनी वरनं. न्हाईतर घरी गेल्यावर दादा वळखायचं न्हाईत. भूत आलं म्हणतील."

बघितलं असंल तुम्ही बी. उन्हातानात काम करणाऱ्या बाया साडीवरनं पुरुषाचा लांब हाताचा शर्ट घालत्यात. आपापल्या दादल्याचा जुना. सगुणाच्या अंगावर तिच्या दादल्याचा चौकड्याचा होता, ह्यो झाडावरचा बी त्याचाच. हौसानं घातला, बटणं लावली, आन माझ्याकडं वळली.

गेलं! कव्हर गेलं! उजवीकडं, डावीकडं, कुठंच काय न्हाई. मांडीपातूर शर्ट. हात आत घातला की पिस्तूल हातात. आन डावी कड मोकळी.

मी ओरडलोच, "काकी! बगा, बगा!"

काकीनं बघितलं. लांबनं बघितलं, जवळ येऊन बघितलं, हौसाला गोल फिरवलं. आन मग त्यांचं तोंड असं झालं की जणू मी शिवी दिली.

"काढ त्यो शर्ट, हौसे."

"अवं काकी, पर..."

"काढ म्हणते न्हवं! काटकराची बाई मी. मजुरणीगत शर्ट घालून हिंडू? उद्या ह्या बाया म्हणतील, मालकीण आली आमच्यात खडी भराया."

सगुणा पाटी डोक्यावर घेत म्हणली, "मग या की काकी, जागा हाय."

बाया हसल्या. काकी हसल्या न्हाईत. जीपमधी जाऊन बसल्या आन समोर बघत ऱ्हायल्या.  फडकी बांधून काचा फोडणाऱ्यांना ही बाई भ्याली न्हाई, आन एका शर्टाला भ्याली. मला राग आला, खरं सांगतो. माझ्या मनात आलं, मोठ्या घरची मिजास, दुसरं काय! पोरगी गेली तरी चालंल, पर मजुरणीगत दिसाया नको.

घरी आल्यावर हौसाला तसं बोललो बी. तिनं केसातली धूळ झटकली. मग म्हणली, "तुम्ही उजव्या बाजूचं करून टाका. मी घेऊन जाते. घालायचं का न्हाई त्यांचं त्या बघतील."

"शर्टाबिगर त्ये काय कामाचं?"

"करा म्हणते न्हवं."

लाकडाचं पिस्तूल तिच्या कमरंला होतं तवा. मी केलं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. सोप्यात नूतनचा भाऊ बसलेला, गोरा, चष्म्याचा, दर घटकंला घड्याळ बघणारा. दारात ट्रंक, वर ठमीची झबली बांधलेलं गाठोडं. ठमीला नवा फ्रॉक. नूतनचं डोळं लाल, काकीचं बी. भांडण न्हाई हो, दोघी एकमेकीला वाटंत खायला काय काय बांधलं त्ये सांगत होत्या. धपाटं बांधलं का, दूध उकळून घेतलं का. भांडल्या असत्या तर बघवलं असतं.

हौसानं कव्हर काकीच्या हातात दिलं. काकीनं त्ये अंगठ्यानं दाबून बघितलं, बटण उघडलं, लावलं. आन आत गेल्या. दार लावून घेतलं.

आम्ही बसलो. भाऊ म्हणाला, "ताई, गाडी चुकेल." नूतन म्हणली, "आईंच्या पाया पडते आणि निघू." दार उघडंना. आत कपाटाचं दार कुरकुरलं, लई दिस न उघडलेलं असतं तसं. नूतननं झटकन मान वर केली.

"ते कपाट..." ती म्हणली आन हुभी ऱ्हायली.

मग दार उघडलं.

काकीच्या अंगावर साडी, आन साडीवरनं पुरुषाचा शर्ट. पांढरा, बारीक निळ्या रेघांचा. कडक इस्त्रीचा, घड्यांच्या रेषा तशाच उमटलेल्या. बाह्या दोन घड्या घालून वर केलेल्या, खाली मांडीपातूर. डोक्यावर पदर. डांबराच्या गोळ्यांचा वास सोप्याभर पसरला.

काकी जमिनीकडं बघत म्हणल्या, "आबाचा हाय. त्येंच्या मागं कपाट उघडलं न्हवतं मी." मग हौसाकडं बघून म्हणल्या, "त्या दिशी सगुणाला मी मजुरीण म्हणलं. तिचा दादला जित्ता हाय गं. त्यो अंगातला काढून देतो आन ती घालती. मला कोण काढून देणार होतं?"

हौसा तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळली. मला आधीच कळायला पायजे होतं, पर कळलं न्हवतं.

ठमीला ह्यातलं काय कळणार? ती पळत आली. दोन हात वर. "आज्जी, घे."

काकीनं घेतली. डाव्या कडेवर. ठमीनं मांडी हलवून बघितली. काय न्हाई, मऊ. तशी निवांत झाली, गाल शर्टाला लावला, डांबरगोळीचा वास नाकात गेला आन अशी शिंकली की काकीच्या डोक्यावरचा पदर खाली आला. भाऊ बी हसला.

नूतन पुढं आली. काकीच्या उजव्या बाजूला गेली. "बघू?" म्हणली. काकीनं मान हलवली. शर्टावरनं हात फिरवला तिनं, मग आत हात घालून बटण चाचपलं, दोनदा वढून बघितलं. निघालं न्हाई. मग काकीचा हात धरला आन मनगटाकडं बघितलं.

"आई, बाहीचं बटण लोंबतंय."

"लोंबू दे."

"लोंबू दे काय? दुसरं असं मिळायचं नाही."

आत जाऊन सुई-दोरा घेऊन आली. काकी पोरीला कडेवर घेऊन हुभ्या, आन नूतन समोर हुभी ऱ्हाऊन बटण टाचत होती. हळूहळू, गरजेपरीस जास्ती टाके घालत. दोरा दातानं तोडायला मनगटावर वाकली, ती तशीच वाकून ऱ्हायली जरा येळ. काकीनं उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

वर न बघताच नूतन म्हणली, "दादा, तू चहा घेऊन नीघ. दुपारची गाडी मिळेल तुला."

भाऊ म्हणाला, "म्हणजे? आणि ट्रंक?"

"ट्रंक आत ठेव जाताना. जड आहे."

मग डोळं पुसून सरळ झाली आन काकीला म्हणली, "घरी पाऊल टाकलं की ते लोखंडी कपाटात जाईल. किल्ली माझ्याकडं राहील."

"ठेव बाई," काकी म्हणल्या. "तूच ठेव."

त्या दिशी काकी तशाच खाणीवर गेल्या, आम्हाला बी सोबत नेलं. जीप बाजारातनं गेली तवा लोकांनी माना वळवल्या, पर कमरंकडं न्हाई कोणी बघितलं, शर्टाकडंच बघत होते. खाणीवर बायांनी पाट्या खाली ठेवल्या. मला वाटलं, आता सगुणा कायतरी टाकून बोलणार. ती जवळ आली. रेघा बघितल्या, बाही बघितली.

"मालकांचा न्हवं?" म्हणली.

"व्हय."

सगुणानं आपला हात पदराला पुसला आन काकीच्या गळ्याचं बटण लावलं. "ह्ये लावत जावा. धूळ आत जाती."

काकीनं पुढं लई वर्सं खाण चालवली. कपाटातले एकेक करून सगळे शर्ट घातले, फाटेपातूर घातले. पिस्तूल कधी काढावं लागलं का? न्हाई. घाटात जीप अडवणाऱ्यांना काय वाटलं कुणास ठाव, परत कोण आडवं आलं न्हाई. ठमी सांगलीला गेली ती कॉलेजाला. आता तिलाच पोर हाय, दिवाळीला आली की दुकानात येती, आन माझी घुंगरं वढणारं दुसरं तयार झालंय.

घ्या, च्या आला. हौसा, पावण्यांना साखर इचार.

तर पावणं, तुमच्या पिस्तुलाचं माप मी शेवटाला घेतो. कातडं दावतो, अस्तर दावतो, करकरणार न्हाई त्याची हमी देतो. पर तुम्ही आरामात बसून, उठून, गाडी चालवून दावाल, आन मी परत फसणार. म्हणून एवढं ऐका माझं. घरात तुमच्या अंगावर चढणारं जे कोण आसंल, पोर आसंल, नातू आसंल, भावाचं आसंल, उद्या येताना त्याला बरोबर घेऊन या. कुठल्या बाजूला बसतंय त्ये मला एकदा बघू द्या.